चिनी चहादाणीची पारख

मराठी घरांत ‘चिनी माती’ हा शब्द फार सैलपणानें वापरला जातो. लोणच्याची बरणी चिनी मातीची, पाहुण्यांसाठीं कपाटांत जपून ठेवलेल्या कपबशा चिनी मातीच्या, विजेच्या तारा ज्यांना बांधतात ते पांढरे ठोकळेहि चिनी मातीचेच. यांपैकीं बहुतेक वस्तूंनीं चीन देश पाहिलेला नसतो. देवगिरीच्या किल्ल्यांत ज्या इमारतींत गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन यास १६८७ नंतर कैदेंत ठेवण्यांत आलें, तिला ‘चिनी महाल’ म्हणतात. तें नांव तिच्या भिंतीवरील निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशांवरून पडलें. पांढरें, गुळगुळीत आणि चकाकणारें तें चिनी, अशी ही जुनी समजूत आहे. त्यामुळें चीनमधील सर्वांत नांवाजलेली चहादाणी एखाद्या अकोलेकरासमोर ठेवली, तर ती चिनी आहे हें त्यास चटकन् पटणार नाहीं. ती पांढरी नसते, कांचेसारखी चकाकत नाहीं, आणि बहुधा तिच्यावर वेलबुट्टीहि रंगविलेली नसते. विटेच्या किंवा भाजलेल्या सुपारीच्या रंगाची, तळहातावर मावणारी ती वस्तु आपल्याच गांवच्या कुंभारानें घडविली असावी असें वाटतें.

अशाच एका चहादाणीला २०१० सालीं बीजिंगच्या लिलावांत १ कोटि २३ लक्ष २० हजार युआन किंमत आली. त्याच घाटाची आणि त्याच रंगाची दुसरी चहादाणी त्याच शहरांत किरकोळ पैशांत मिळते. दोहोंतील फरक कोणता, आणि तो ठरवावयाचा कोणी, या प्रश्नानें चीनमधील शौकिनांना चारशें वर्षें झुलविलें आहे. त्यांत पुष्कळ माणसें फसलीं. आणि त्या फसवणुकीला ज्यांच्या हातांचा उपयोग झाला त्यांत त्या कलेंतले अत्यंत थोर कारागीरहि होते, ही त्यांतली मौजेची आणि थोडी दुःखाचीहि गोष्ट.

पारख म्हणजे काय हें वऱ्हाडांत कोणास शिकवावें लागत नाहीं. उन्हाळ्याच्या तोंडीं माठ घेणारी गृहिणी तो एका हातावर तोलते आणि बोटाच्या पेरानें त्याला ठोकून कान देते. खणखणीत वाजला तर घेते. बद्द वाजला तर ठेवून देते, कारण तो एक तर कच्चा भाजलेला असतो, नाहीं तर कोठें तरी तडकलेला असतो. कापसाच्या बाजारांत हेंच काम बोटें करीत. धागा मोजणारीं यंत्रें येण्यापूर्वीं पारखी ढिगाच्या पोटांत हात घालून रुईचा एक पुंजका ओढून काढी, दोन्ही हातांच्या चिमटींत धरून तो पुन्हा पुन्हा ओढी आणि जुळवी, आणि तंतु सरळ झाले म्हणजे त्यांची लांबी अंगठ्याच्या नखाशीं ताडून पाही. धागा तुटतांना कसा तुटला, हाताला ओल लागली काय, सरकीचा चुरा किती राहिला, हें सारें त्या दोन-तीन ओढींत कळे. ढिगाच्या वरचा कापूस मात्र तो कधींच घेत नसे. वरचा कापूस दाखविण्यासाठीं असतो.

परंतु त्याच बाजाराची दुसरीहि एक शिकवण आहे. अमरावतीचा कापूस लिव्हरपूलच्या पेठेंत ‘ऊमरा’ या नांवानें ओळखला जाऊं लागला, आणि पाहतां पाहतां वऱ्हाडांतला आणि आसपासच्या मुलखांतलाहि कापूस सरसकट ऊमरा झाला. नांव एका गांवाचें, आणि गांठींतला माल कोठकोठचा. मुंबई सरकारला १८२९ मध्यें आणि पुन्हा १८६३ मध्यें कापसांतील लबाडीविरुद्ध कायदे करावे लागले. कारंजा येथील बाजार १८८६ मध्यें नियमाखालीं आला आणि १८९७ मध्यें साऱ्या वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा झाला. त्यानें दलाल आणि मापारी परवान्यानें बांधले गेले. पण कायद्यानें तराजू सरळ झाला तरी पुंजका ओढून पाहण्याचें काम उरलेंच. ऊमरा हें नांव ध्यानांत ठेवावें. चिनी चहादाण्यांच्या बाबतींत असेंच एक नांव पुढें भेटावयाचें आहे.

वऱ्हाडचा आणि चीनचा संबंध केवळ उपमेपुरताच नाहीं. वऱ्हाडांतून मुंबईस कापसाची पहिली मोठी रवानगी १८२५–२६ मध्यें झाली असें सांगतात. विकाजी व पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनीं ती पांचशें बैलांवर लादून पाठविली. नागपूरपर्यंत रेल्वे पोंचावयास त्यानंतर चाळीस वर्षें लागलीं. त्या काळीं मुंबईच्या कापसाचें मोठें गिऱ्हाईक चीन हेंच होतें. मुंबईचीं गलबतें कापूस आणि अफू भरून कॅन्टनला जात, आणि चहा, रेशीम, साखर व भांडीं घेऊन परत येत. यांतील अफूचा भाग सोयीस्करपणें विसरण्यासारखा नाहीं. मुंबईंतील कित्येक घराण्यांचें वैभव आणि चीनमधील कित्येक घराण्यांची धूळधाण त्याच एका मालानें झाली. परतीच्या गलबतांतून भांडीं येत तीं मुख्यतः पांढरीं व निळीं. आपल्या घरांतून ‘चिनी माती’ या शब्दाला जो अर्थ चिकटला तो अशाच मालानें पक्का झाला असावा.

मातीच्या चहादाणीचें घर मात्र कॅन्टनपासून फार दूर, उत्तरेकडे आहे. शांघायच्या पश्चिमेस ताई नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या पश्चिमेकडील भागांत, जिआंगसू प्रांतांत, यीशिंग हें गांव आहे. जवळच्या हुआंगलोंग डोंगरांत जी माती निघते तिला झिशा म्हणजे ‘जांभळी वाळू’ असें नांव आहे. माती म्हणावयाची एवढेंच. प्रत्यक्षांत तो दगड असतो. खणून काढलेले ते दगड उघड्यावर पसरून उन्हापावसानें फुटूं द्यावयाचे, मग दळावयाचे, चाळावयाचे, भिजवून तिंबावयाचे आणि तो गोळा मुरूं द्यावयाचा. तींत लोहाचा अंश पुष्कळ असल्यामुळें भाजल्यावर जांभळट, तपकिरी, तांबडा असे रंग आपोआप येतात. एका जातीच्या मातीचा रंग फिकट पिवळसरहि येतो. झिलई द्यावी लागत नाहीं.

चहादाणीची गरज निर्माण झाली ती एका राजाज्ञेनें. पूर्वीं चीनमध्यें चहाच्या पानांच्या वड्या थापीत, त्या कुटून त्यांची पूड वाडग्यांत घुसळीत आणि ती पीत. मिंग घराण्याचा पहिला सम्राट होंगवू यानें १३९१ सालीं खंडणीदाखल येणाऱ्या या वड्या बंद केल्या, कारण त्या करण्यांत रयतेचे फार हाल होत. सुटीं पानें आलीं तशीं तीं गरम पाण्यांत भिजत ठेवण्यासाठीं झांकणाचें व तोटीचें भांडें हवें झालें. यीशिंगचे कुंभार तोंवर रांजण आणि मडकीं करीत होते. मिंग काळाच्या अखेरीस झोउ गाओची नांवाच्या गृहस्थानें केवळ या चहादाण्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत या कलेचा उगम दिला आहे तो असा: सोळाव्या शतकाच्या आरंभीं गोंग चुन नांवाचा एक पोरगा आपल्या विद्वान धन्याबरोबर जिनशा मंदिरांत राहिला होता. तेथील एक वृद्ध भिक्षु मातीच्या चहादाण्या करी. पोरानें ती विद्या चोरून उचलली आणि चाकाशिवाय, नुसत्या बोटांनीं दाबून, पहिली नांवाजलेली चहादाणी केली. तिच्या अंगावर बोटांचे ठसे दिसत. कथा किती खरी हें सोडून दिलें, तरी एवढें खरें कीं या कलेच्या आद्य पुरुषाचें नांव एका नोकराचें आहे.

चाक नाहीं, हा यीशिंगचा विशेष अजूनहि आहे. आपला कुंभार चाकावरच्या गोळ्यांतून मडकें वर काढतो. यीशिंगचा कारागीर लांकडी थापीनें माती ठोकून तिचा पातळ पत्रा करतो, त्याची पट्टी कापून ती वळवितो, सांधा जुळवितो, आणि तें नळकांडें हातांत फिरवीत फिरवीत बाहेरून थापटून त्याला पोट आणतो. तळ, खांदा, तोटी, कान हीं मागाहून ओल्या मातीनें जोडावयाचीं. भाजणी साधारण ११०० ते १२०० अंश सेंटिग्रेडची. माठ याहून पुष्कळ कमी आंचेवर भाजतात, म्हणून त्याच्या अंगांतून पाणी पाझरतें आणि तें उडून गेल्यानें आंतलें पाणी गार राहतें. पांढरें चिनी भांडें याहून जास्त, तेराशें अंशांच्या सुमारास भाजतात. तें कांचेसारखें घट्ट होतें आणि कांहीं शोषीत नाहीं. यीशिंगची चहादाणी या दोहोंच्या मधली. तिच्यांतून पाणी गळत नाहीं, पण अंगांत अगदीं सूक्ष्म छिद्रें राहतात आणि त्यांत चहाचा वास व अर्क हळूहळू मुरतो. म्हणून शौकीन लोक एका चहादाणींत एकाच जातीचा चहा करतात आणि ती साबणानें कधीं धूत नाहींत. वर्षानुवर्षें वापरलेल्या चहादाणींत नुसतें गरम पाणी ओतलें तरी चहा होतो असें सांगतात, ती अर्थात् अतिशयोक्ति आहे.

आपल्याकडील चहाला मात्र ही चहादाणी जुळणारी नाहीं. दूध आणि साखर त्या छिद्रांत शिरली कीं आंबूस वास धरते. पश्चिम हिंदुस्थानांत चहा ऐकिवांत नव्हता असें नाहीं. १६८९ च्या सुमारास सुरतेस राहिलेला इंग्रज पाद्री ओव्हिंग्टन यानें लिहून ठेवलें आहे कीं तेथें चहांत गरम मसाला घालून उकळीत आणि डोकेदुखी व पोटशूळ यांवर घेत, आणि कोणी खडीसाखरेबरोबर तर कोणी मुरवलेल्या लिंबाबरोबर तो पीत. डच वखारवाल्यांची चहादाणी तर विस्तवावरून खालीं उतरतच नसे. म्हणजे मसाल्याचा चहा हा हल्लींचा शोध नव्हे. पण असा उकळीव चहा करावयास पितळेचें पातेलें बरें; यीशिंगच्या मातीचें कौतुक त्यांत वायां जातें.

युरोपांत मात्र ही तांबडी चहादाणी चहाच्या पाठोपाठ गेली आणि तेथील कुंभारांना तिनें वेड लावलें. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत डेल्फ्टच्या आरी द मिल्डे यानें, पुढें इंग्लंडांत एलर्स बंधूंनीं तिच्या नकला केल्या. सॅक्सनीच्या बोटगर यानें तर आधीं हीच तांबडी दगडी भांडीं साधलीं आणि तेथून पुढें तो पांढऱ्या चिनी मातीच्या रहस्यापर्यंत पोंचला. मायसेनचा प्रसिद्ध कारखाना १७१० मध्यें निघाला तो या उद्योगांतून.

आतां नांवांचा आणि शिक्क्यांचा प्रकार. चांगला कारागीर चहादाणीच्या तळाशीं, झांकणाच्या आंत किंवा कानाखालीं आपला शिक्का उठवितो. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सांध्यावरचा शी दाबिन, त्यानंतरचा चेन मिंगयुआन, आणि चेन मानशेंग हीं यांतलीं वंदनीय नांवें. शेवटचा (१७६८–१८२२) वस्तुतः कुंभारच नव्हता. तो यीशिंगच्या शेजारच्या लियांग गांवचा अधिकारी, कवि आणि शिक्के कोरणारा कलावंत. घाट तो सुचवी, यांग पेंगनिआन नांवाचा कारागीर चहादाणी घडवी, आणि तिच्यावर मानशेंग व त्याचे मित्र अक्षरें कोरीत. तळाशीं अधिकाऱ्याचा शिक्का आणि कानाखालीं कारागिराचा लहानसा शिक्का, अशी ती विभागणी आहे. मान कोणास किती, हें त्या शिक्क्यांच्या आकारावरून ज्याचें त्यानें समजावें.

हुई मेंगचेन या नांवाची गति याहून निराळी. मिंग काळाच्या अखेरीचा हा कारागीर लहान चहादाण्यांबद्दल प्रसिद्ध झाला. दक्षिणेकडील फूकिएन आणि चाओचौ भागांत लहान चहादाणीला ‘मेंगचेन’ हेंच नांव पडलें, आणि पुढें शतकानुशतकें दुसऱ्याच कोणीं केलेल्या असंख्य चहादाण्यांवर त्याचा शिक्का उठत राहिला. हें सारें लबाडीनेंच झालें असें म्हणतां येणार नाहीं. ऊमरा म्हणजे जसा एक जातीचा कापूस, तसें मेंगचेन म्हणजे एक जातीची चहादाणी, एवढेंच करणाराला आणि घेणारालाहि ठाऊक असे. पण आज अशी चहादाणी दाखवून ‘ही साडेतीनशें वर्षांची’ असें कोणी सांगूं लागला, तर त्या शिक्क्याचा पुरावा म्हणून कांहींच उपयोग नाहीं.

गोंग चुनच्या नांवाची जी चहादाणी बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे, तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे. यीशिंगचे चू नानच्यांग यांस ती १९२८ मध्यें सूचौच्या बाजारांत सांपडली. झाडाच्या गांठीसारखें खडबडीत अंग, कानाजवळ ‘गोंग चुन’ हीं दोन अक्षरें, आणि वर झांकण मात्र भोपळ्याच्या देंठाचें. झांकण एकोणिसाव्या शतकांतील हुआंग यूलिन या निष्णात कारागिरानें बसविलेलें होतें. हुआंग बिनहोंग या थोर चित्रकारानें ती पाहिली आणि म्हटलें कीं अंग गांठीचें असतां देंठ भोपळ्याचा कसा? तेव्हां चू यांनीं पेइ शिमिन याच्याकडून गांठीसारखेंच दुसरें झांकण करवून घेतलें. एवढा विचार झांकणाचा झाला. पण अंगहि हुआंग यूलिननेंच घडविलेलें नसेल कशावरून, अशी शंका अनेक जाणकारांनीं पुढें बोलून दाखविली, आणि ती मिटलेली नाहीं. ज्यानें झांकण इतकें बेमालूम जुळविलें, त्याच्या हाताला अंग घडविणें जड नव्हतें.

पेइ शिमिनच्या पिढीचा काळ तर नकलांचाच काळ. १९३० नंतरच्या दशकांत शांघायच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनीं यीशिंगचे उत्तमोत्तम तरुण कारागीर पगारावर नेले आणि मिंग व चिंग काळांतल्या नांवाजलेल्या चहादाण्यांच्या प्रतिकृति करवून घेतल्या. त्यांत जिआंग रोंग ही तरुण मुलगी होती आणि गू जिंगझोऊ (१९१५–१९९६) हाहि होता. हाच गू पुढें विसाव्या शतकांतील या कलेचा अग्रणी ठरला. त्या उमेदवारींत जुने नमुने हाताळूनच त्याचा हात तयार झाला, हें नाकबूल करतां येत नाहीं. पण त्यानें केलेल्या प्रतिकृति जुन्या नांवांखालीं संग्रहांत शिरल्या, हेंहि तितकेंच खरें. आरंभीं ज्या लिलावाचा उल्लेख आला ती चहादाणी गूचीच. १९४८ मध्यें त्यानें शांघायचा चहादाण्यांचा व्यापारी दाइ श्यांगमिंग याच्या सांगण्यावरून पांच चहादाण्या केल्या. त्यांवर वू हूफान या चित्रकारानें चित्रें व अक्षरें लिहिलीं, आणि त्या मित्रमंडळींत वांटल्या गेल्या. विकण्यासाठीं त्या केलेल्याच नव्हत्या. कोटीच्या घरांत गेली ती त्यांतली एक.

तेव्हां नांव बाजूस ठेवून वस्तु हातांत घ्यावी लागते. प्रथम माती. खऱ्या झिशाच्या अंगावर बारीक कण दिसतात, हात फिरविला तर तो अगदीं घसरत नाहीं आणि खरखरतहि नाहीं. पिकल्या चिकूच्या सालीची आठवण होते. तिची चमक आंतून आल्यासारखी मंद असते. भडक लाल, हिरवा, निळा असा रंग दिसला कीं सावध व्हावें. झूनी नांवाची उत्तम तांबडी माती भाजतांना फार आकसते. त्यामुळें तिच्या मोठ्या चहादाण्या करणें कठीण, आणि अंगावर कोठें तरी बारीक सुरकुती पडावयाचीच. सुरकुतीशिवाय मोठी, लालभडक आणि स्वस्त झूनी चहादाणी कोणी देऊं लागला, तर तो देणारा फार उदार असला पाहिजे.

मग कढत पाणी ओतावें. चांगल्या चहादाणीला ओल्या दगडासारखा मंद वास येतो किंवा मुळींच येत नाहीं. तेलकट, मेणकट किंवा औषधी वास आला तर जुनेपणाचें सोंग उतरलें असें समजावें. जुनी झांक आणण्यासाठीं अंगाला बुटाचें पॉलिश चोळणें हा या धंद्यांतला परिचित प्रकार आहे. वापरानें आलेली झांक जेथें हात आणि चहा लागतो तेथें अधिक, कानाच्या बेचक्यांत कमी, अशी असते. सोंग सगळीकडे सारखें असतें.

झांकण हें कारागिराचें खरें परीक्षास्थान. पाणी भरून चहादाणी ओततां ओततां झांकणाच्या बोंडीवरील छिद्र बोटानें दाबलें तर धार थांबली पाहिजे. बोट उचललें कीं पुन्हा सुरू झाली पाहिजे. धार एकसंध, काचेच्या सळईसारखी पडावी, आणि चहादाणी सरळ केली कीं थेंब तोटीखालून पोटावर ओघळूं नये. पुष्कळ सुंदर चहादाण्या या शेवटच्या थेंबाला हरतात. झांकण काढून चहादाणी सपाट मेजावर उपडी ठेवली असतां तोटीचें टोक, तोंडाची कड आणि कानाचा माथा हीं तिन्ही मेजाला टेकावींत, अशीहि एक कसोटी सांगतात. ती ठराविक जुन्या घाटांपुरतीच खरी आहे, आणि सगळ्याच घाटांना ती लावणारा पारखी अर्धशिक्षित समजावा. ठोकून पाहण्याची आपल्याकडील रीत येथेंहि चालते, परंतु निरनिराळ्या माती निरनिराळ्या वाजतात, आणि उत्साहानें ठोकतां ठोकतां झांकणाची कड उडाली तर पारख महागांत पडते.

यानंतर पारख्यानें आंत डोकवावें, कारण ढिगाच्या पोटांत हात घालणें तें हेंच. थापीनें घडविलेल्या अंगाच्या आंत सांध्याची एक उभी रेघ बहुधा ओळखूं येते. चाकावर काढली असेल तर वर्तुळाकार वळ्या दिसतात. पातळ माती सांच्यांत ओतून केली असेल तर आंतला भाग बाहेरच्याइतकाच गुळगुळीत, आणि जोड कोठेंच सांपडत नाहींत. तोटीच्या मुळाशीं जुन्या चहादाण्यांत बहुधा एकच भोक असतें. तेथें अनेक भोकांची घुमटासारखी गाळणी असेल, तर ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतली समजावी. मग तळाशीं कोणाहि मिंग काळच्या पुरुषाचें नांव असो.

हें सारें जाणण्याची निकड अलीकडे वाढली आहे. हुआंगलोंग डोंगरावरील खाणकाम २००५ मध्यें बंद करण्यांत आलें, कारण त्या मातीचा सांठा कांहीं अक्षय नाहीं. ज्यांनीं आधीं खणून सांठविली त्यांच्याकडील माती सोन्याच्या भावाची भाषा बोलूं लागली, आणि बाजार तर वाढतच होता. मे २०१० मध्यें चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीनें उघडकीस आणलें कीं यीशिंगमध्येंच साध्या मातींत लोह व मँगनीज यांचीं रासायनिक द्रव्यें मिसळून झिशाचा रंग आणला जात आहे. येथवर फसवणूक नांवाची होती. तिच्यांतून चहा तरी चांगला होई. आतां ती प्यावयाच्या पाण्यापर्यंत पोंचली. ज्या वर्षीं गूची चहादाणी कोटीला गेली तेंच हें वर्ष.

अकोल्याच्या जिज्ञासूस चिनी भांडीं पाहावयाचीं तर दोन्ही दिशांना सोय आहे. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी वस्तु आहेत. हैदराबादेस १९५१ मध्यें उघडलेल्या सालारजंग संग्रहालयांत चिनी भांडीं विपुल आहेत. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला तरी मुलूख कागदोपत्रीं निजामाचाच राहिला होता, तेव्हां तें वैभव अगदींच परकें नाहीं. तेथील फिकट हिरव्या झिलईचीं भांडीं विशेष पाहावीं. अन्नांत विष असेल तर तीं तडकतात किंवा रंग बदलतात अशी राजेरजवाड्यांची श्रद्धा होती. शिक्क्यावरच्या श्रद्धेपेक्षां ती फारशी निराळी नव्हे.

ज्या यीशिंगच्या चहादाणीचा काळ निश्चित सांगतां येतो अशी सर्वांत जुनी चहादाणी बाजारांतून आलेली नाहीं. मिंग दरबारांतील वू जिंग नांवाच्या खोजाला १५३३ मध्यें नानजिंगजवळ पुरलें, त्याच्या थडग्यांत ती विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत सांपडली. वर कमानीसारखी मूठ आहे. झांकणाच्या आंत नीट बसविलेली कड नाहीं. मातीच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या आडव्या लावून झांकण सरकूं नये एवढी सोय केली आहे. भट्टींत ती निराळ्या आवरणांत न ठेवतां रांजणमडक्यांबरोबरच भाजली असावी, कारण शेजारच्या भांड्यांच्या झिलईचे थेंब उडून तिच्या पोटावर चिकटलेले आहेत. आज एखाद्या चोखंदळ गिऱ्हाइकाच्या हातीं ती दुकानांत पडली असती, तर झांकणाची बैठक ओबडधोबड आणि अंगावर डाग, म्हणून त्यानें ती खालीं ठेवून शेजारची उचलली असती.